चौघांसाठी एक पुस्तक

वाचनालय बंद व्हायला अर्धा तास असताना एक मुलगा देवघेवीच्या टेबलाशी येतो आणि विचारतो, "एम्परर आहे का?" टेबलापलीकडचा माणूस जाणता आहे. एम्परर म्हटलं की बहुतेकांना बेथोव्हनचा पाचवा पियानो कन्चेर्तो आठवतो, ओपस (म्हणजे कृतीचा क्रमांक) ७३. पण हायडनचं चार तंतुवाद्यांसाठीचं एक स्ट्रिंग क्वार्टेटही याच नावाने ओळखलं जातं, ओपस ७६ मधलं तिसरं. म्हणून तो उठत नाही. आधी विचारतो, "कुणाचं हवंय? बेथोव्हन की हायडन?" मुलगा म्हणतो, "हायडन." माणूस मनातल्या मनात खूश होतो, आत जातो आणि पाच मिनिटांत पुस्तक घेऊन येतो. जेमतेम १९ सेंटिमीटर उंचीचं, कोटाच्या खिशात मावेल एवढं. शिक्का, तारीख, सही. वहीत शेरा: मागणी पूर्ण. मुलगा बाहेर पडतो तेव्हा दाराच्या काचेतून दिसतं की पायरीवर आणखी तिघं उभे आहेत आणि एकीच्या पाठीवर चेलोची भली मोठी पेटी आहे. मुलगा पुस्तक उघडतो. चार डोकी त्या इवल्याशा पानावर वाकतात. कुणीतरी हसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक परत येतं.

वहीत पाहाल तर चूक सापडत नाही. मागितलं तेच दिलं, वेळेत दिलं. दोन एम्पररांमधला अवघड फरकही नेमका ओळखला. तरीही चौघांच्या हातात जे पडलं त्यावर एक सूरही वाजवता आला नसणार. खिशातल्या स्कोअरमध्ये चारही वाद्यांच्या ओळी एकाखाली एक रचलेल्या असतात, अक्षर मुंगीएवढं असतं आणि जरा वेगाने वाजवलं की थोड्या-थोड्या वेळाने पान उलटावं लागतं. हे पुस्तक रेकॉर्ड ऐकताना मांडीवर घेऊन बसायचं, अभ्यासाचं. वाजवणाऱ्याला लागतो तो पार्ट: फक्त त्याच्या वाद्याची ओळ, ठळक छापलेली, साधारण ३० सेंटिमीटर उंच कागदावर, आणि पान शक्यतो अशा जागी संपवलेलं की तिथे त्या वाद्याला विश्रांती आहे आणि उजवा हात मोकळा आहे. चांगला प्रकाशक ओळखायचा तर मुखपृष्ठ बघू नये, पान उलटायची जागा बघावी.

पुस्तकांच्या बाबतीत हा घोळ होत नाही. कादंबरी मागितली, कादंबरी दिली. ती वाचण्याखेरीज तिचं दुसरं काय करणार? संगीताचं तसं नाही. एकच कृती वाजवायला हवी असते, गायला हवी असते, ऐकायला हवी असते किंवा तिच्याबद्दल वाचायचं असतं, आणि या प्रत्येक कामाला लागणारी वस्तू निराळी. अमेरिकन काँग्रेस ग्रंथालयाच्या वर्गीकरणात तर याचे सरळ तीन कप्पे केलेत. एम म्हणजे प्रत्यक्ष संगीत, एमएल म्हणजे संगीताविषयीचं लेखन, एमटी म्हणजे शिकवण्या-शिकण्याचं साहित्य. एकाच संगीतकाराची तीन पुस्तकं तीन कपाटांत जातात. वाचकाला हे ठाऊक नसतं आणि ठाऊक असायची गरजही नाही. त्याने फक्त नाव सांगावं. पण त्या नावापुढचं क्रियापद कोणतं, हे टेबलामागच्या माणसाने काढून घ्यायला हवं.

उदाहरणार्थ, कुणी म्हणतं, "त्या ऑपेराचं पुस्तक पाहिजे." यात किमान चार वस्तू लपलेल्या असतात. सगळ्या वाद्यांसकट पूर्ण स्कोअर, तो वाद्यवृंद चालवणाऱ्याला. व्होकल स्कोअर, ज्यात गायकांच्या ओळी तशाच असतात पण वाद्यवृंद पियानोच्या दोन ओळींत आटवलेला असतो. भूमिका बसवणाऱ्या गायिकेला हाच लागतो. लिब्रेटो, म्हणजे नुसती संहिता, भाषांतरासकट मिळाली तर फारच छान. आणि चौथी वस्तू म्हणजे दोन पानी कथासार, कारण आज रात्री प्रयोग आहे आणि काय चाललंय ते कळायला हवं. गायिकेला पूर्ण स्कोअर दिला तर तिचा पियानोवादक कपाळाला हात लावतो: वीस-वीस ओळींचं पान, त्यातली निम्मी वाद्यं वेगळ्या स्वरात लिहिलेली, आणि हे सगळं दोन हातांनी कसं वाजवायचं?

वेगळ्या स्वरात लिहिलेली वाद्यं, हा असाच एक छुपा खड्डा. नेहमीचा क्लॅरिनेट बी फ्लॅटमधला. पेटीच्या भाषेत सांगायचं तर तो काळी पाचचा. वादक कागदावर जो सी वाचून वाजवतो तो कानाला काळी पाच ऐकू येतो. म्हणून पियानोच्याच कागदावरून क्लॅरिनेटवाल्याने वाजवायला घेतलं तर तो सबंध तुकडाभर पियानोपेक्षा एक अख्खा स्वर खाली वाजत राहतो आणि दोघांनाही वाटतं की दुसऱ्याचं वाद्य बिघडलंय. "क्लॅरिनेटसाठी काहीतरी द्या" असं कुणी म्हटलं की बी फ्लॅटचा की ए-मधला, आणि सोबत पियानो आहे का, एवढं विचारून घेतलं तर एक खेप वाचते.

हीच गोष्ट गाण्याची. आपल्याकडची गायिका सहज सांगते, "माझी काळी चार." वाचनालयाच्या तालिकेत, म्हणजे नोंदींच्या सूचीत, काळी चार कुठेच सापडत नाही, तिथे ए फ्लॅट किंवा जी शार्प असं काहीतरी असतं. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन म्हणजे डी, काळी तीन म्हणजे एफ शार्प, हा तक्ता टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवण्यासारखा आहे. पण एवढ्यावर भागत नाही. तिची पट्टी म्हणजे तिचा षड्ज. पाश्चात्त्य गीतांचे संग्रह मात्र उंच, मध्यम आणि खालच्या आवाजासाठी असे वेगवेगळ्या पट्ट्यांत छापलेले असतात, आणि तिथे प्रश्न षड्जाचा नसतो. गाण्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा स्वर कोणता, आणि ते दोन्ही गळ्यात सुखाने बसतात का, हे पाहायचं. काही संग्रहांत प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर ही हद्द दोन बारीक स्वरांनी दाखवलेली असते. ती दाखवून "इथपर्यंत जाता का?" असं विचारलं की गायिका तिथल्या तिथे गुणगुणून पाहते आणि शेजारचा वर्तमानपत्र वाचणारा मान वर करतो.

करू द्या.

पार्टचा संच सांभाळणं ही मात्र निव्वळ शिपाईगिरी आहे, आणि ती ज्याला जमते तोच संगीताचं कपाट चालवू शकतो. क्वार्टेटचा संच म्हणजे चार सुटे पार्ट: पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, व्हियोला, चेलो. पियानो ट्रिओ असेल तर मात्र तीन पार्ट शोधत बसू नये. पियानोवादक स्कोअरवरूनच वाजवतो, त्यामुळे एक स्कोअर आणि दोन पार्ट असले की संच पूर्ण. व्हायोलिन सोनाटात पियानोचं जाड पुस्तक आणि त्याच्या पोटात व्हायोलिनचा सुटा कागद. हा कागद घसरून पडतो, घरच्या स्टँडवर राहून जातो, आणि तीन महिन्यांनी पुढच्या वाचकाच्या हातात नुसता पियानो पडतो. यावर उपाय कंटाळवाणे आहेत पण दुसरे नाहीत. प्रत्येक पार्टवर स्वतंत्र शिक्का आणि दाखल क्रमांक. मागच्या पुठ्ठ्याच्या आत कागदी खिसा. पाकिटावर मोठ्या अक्षरात संख्या. देताना वाचकासमोर मोठ्याने मोजायचे, घेताना नोंद खोडण्याच्या आधी मोजायचे, नंतर नाही. आणि तालिकेत "४ भाग" असं लिहू नये. मराठीत भाग म्हणजे खंडही होतो. मग कुणीतरी ते चार खंडांचं पुस्तक समजून त्यातला "भाग पहिला" तेवढा घेऊन जातं, आणि पहिलं व्हायोलिन गेलेला संच कपाटात पांगळा पडून राहतो. सरळ "४ पार्ट" लिहावं. भाषाशुद्धीचा आग्रह इथे धरला तर नुकसान वादकांचं होतं.

नावांचा गुंता हे सगळ्यांत रमायचं ठिकाण. वाचक टोपणनावाने मागतो, तालिका आकड्याने बोलते, आणि आकडे बदलत राहतात. ड्वोर्झाकच्या हयातीत त्याच्या नऊपैकी पाचच सिंफनी छापल्या गेल्या, त्यामुळे १८९३ सालची "न्यू वर्ल्ड" कितीतरी वर्षं पाचवी म्हणून ओळखली जायची. आज ती नववी. जुन्या रेकॉर्डच्या वेष्टनावर पाच वाचून आलेल्या माणसाला आपण आजची पाचवी काढून दिली तर घरी जाऊन तो भलतंच काहीतरी ऐकतो. या आजच्या पाचवीची गंमत तर आणखी वेगळी. ती छापून आली तिसरी म्हणून, आणि तिचा ओपस क्रमांक मुळात २४ असताना प्रकाशकाने तिच्यावर ७६ टाकला, जुनी कृती नवी वाटावी म्हणून. म्हणजे ओपस हा आकडाही काळाचा पुरावा म्हणून घेता येत नाही. शूबर्टची थोरली सी मेजर सिंफनी कुठल्या छापात सातवी, कुठल्यात आठवी, कुठल्यात नववी आहे. इथे डॉइचच्या सूचीतला क्रमांक धरावा, डी ९४४, की भांडण मिटतं. मोझार्टसाठी क्योखेलची १८६२ची सूची आहे. पण नवं संशोधन होत गेलं तशा पुढच्या आवृत्त्यांत कृती काळानुसार हलवल्या गेल्या आणि एका कृतीला दोन आकडे चिकटले. शेवटी तुर्की धाटणीचा तुकडा असलेला तो प्रसिद्ध सोनाटा ३३१ आणि ३००आय, दोन्ही नावांनी सापडतो. २०२४ साली आलेल्या नव्या आवृत्तीने हे दुहेरी आकडे सोडून बहुतेक जुन्यांकडेच तोंड वळवलंय. पण कपाटातल्या पुस्तकांच्या पाठी कोण बदलणार? म्हणून चिठ्ठीवर तीन गोष्टी टिपून घ्याव्यात: संगीतकार, पट्टी आणि सूचीतला क्रमांक. तीनपैकी दोन जुळल्या तर शोध सुरू करावा. एकच जुळत असेल तर आधी वाचकाला आणखी बोलतं करावं.

आणि टोपणनाव घेऊन तालिकेत शोधलं आणि "शून्य नोंदी" असं आलं, तर तालिकेवर विश्वास ठेवू नये. बेथोव्हनचा "मूनलाइट" हा चौदावा सोनाटा, ओपस २७ क्रमांक २, सी शार्प मायनर. हे नाव त्याने दिलेलं नाही. ते त्याच्या मृत्यूनंतर चिकटलं. आता बत्तीस सोनाटांचा संग्रह खंडांमध्ये छापला जातो आणि नोंद होते ती "पियानो सोनाटा, खंड १" अशी. आत कोणते सोनाटा आहेत हे नोंदीत कुणी टंकलेलं नसतं. मूनलाइट वाचनालयात तीन-तीन प्रती असून तालिकेच्या लेखी नाही. परभाषेतल्या ऑपेरांचंही तेच: नोंद मूळ जर्मन किंवा इटालियन शीर्षकाखाली, वाचक येतो इंग्रजी नाव घेऊन. आधी संगीतकार, मग कृतीचा प्रकार, मग संग्रह, मग हाताने अनुक्रमणिका. एवढं केल्याशिवाय "नाही" हा शब्द उच्चारू नये.

चुकीच्या बापाचं नाव लावून फिरणाऱ्या कृतीही काही कमी नाहीत. पियानो शिकणारं दर दुसरं मूल वाजवतं तो जी मेजरमधला मिन्युएट बाखच्या बायकोच्या, ॲना माग्दालेनाच्या, वहीत मिळाला म्हणून बाखचा मानला गेला. तो आहे क्रिस्टियान पेत्झोल्डचा. अल्बिनोनीचा म्हणून लग्नापासून अंत्ययात्रेपर्यंत सगळीकडे वाजणारा अदाजियो १९५८ साली जाझोत्तो या इटालियन अभ्यासकाने प्रसिद्ध केला, आणि तो त्याचाच मानला जातो. वाचकाला हे सांगावं, पण पुस्तक हातात दिल्यावर. आधी सांगितलं तर त्याला वाटतं की हवं ते इथे नाहीच.

काही जण नावही आणत नाहीत, नुसती चाल आणतात. टेबलापाशी थोडं वाकून, आजूबाजूला बघून, हळूच गुणगुणतात. त्यांना हसू नये. एवढा विश्वास दुसऱ्या कुठल्या खात्यात कुणी दाखवत नाही. या गुणगुणण्याचाही कोश करून ठेवणारे लोक झाले. बार्लो आणि मॉर्गनस्टर्न या दोघांनी १९४८ साली सुमारे दहा हजार चालींची सूची छापली. युक्ती अशी की प्रत्येक चाल सी-वर आणून ठेवायची आणि मग स्वरांची अक्षरं शब्दकोशासारखी वर्णानुक्रमे लावायची. ज्याला सरगम म्हणता येते त्याचं निम्मं काम इथे आपोआप झालेलं असतं, कारण आपला सा मुळातच हलता. सा म्हणजे सी धरला की झालं. पण स्वर ओळखता न येणाऱ्याचं काय? डेनिस पार्सन्स यांनी १९७५ साली त्यावरही तोड काढली. स्वर कोणता हे विचारायचंच नाही. पुढचा स्वर वर गेला, खाली आला की तिथेच राहिला, एवढंच टिपायचं. "ट्विंकल ट्विंकल"ची पहिली ओळ घ्या: सा सा प प ध ध प. पहिल्या स्वराला फुली, मग तिथेच, वर, तिथेच, वर, तिथेच, खाली. असे पहिले सोळा स्वर लिहिले की उमेदवार मूठभर उरतात. बेसूर माणसाचीही दिशा सहसा चुकत नाही.

चुकतं ते वेगळ्याच ठिकाणी. माणूस गुणगुणतो तो मधला लाडका तुकडा, आणि सूची असते आरंभाची. म्हणून "हे सुरुवातीला येतं का मध्ये?" हा पहिला प्रश्न. मग: शब्द होते का? बाईंचा आवाज की बुवांचा? कुठलं वाद्य? कुठे ऐकलंत? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अनेकदा बाकी सगळ्यांहून उपयोगी पडतं. मोबाइलमधलं शाझॅम मदतीला असतंच, पण ते ओळखतं ती विशिष्ट रेकॉर्ड, त्या ध्वनीचा ठसा. त्याच गाण्याचा मैफलीतला अवतार समोर धरला की ते गप्प बसतं. ते चाल ओळखत नाही, मुद्रण ओळखतं. हे कळलं की वाचकाचा त्यावरचा रागही कमी होतो.

रागसंगीताच्या वाचकाला यातलं फारसं काही कामाला येत नाही. चीज, म्हणजे बंदिश, शोधायची ती पहिल्या शब्दांवरून, आणि ब्रजभाषेचे ते शब्द जितके गळे तितक्या तऱ्हांनी लिहिलेले: पिया, पीया, पियरवा, मोरे, मोरी, मोरा, आयो, आये. शिवाय कित्येकांच्या कानात राहिलेला असतो तो अंतरा, आणि सूची असते अस्ताईच्या मुखड्याची. तेव्हा ओळ न सापडल्यास दुसऱ्या शब्दापासून सुरू होणारं काही आहे का ते पाहावं, मग राग आणि तालाच्या बाजूने यावं. एकताल की त्रिताल, विलंबित की द्रुत एवढं कळलं तरी सूचीची बरीच पानं गळतात.

आणि चीज सापडली, स्वरलिपीसकट पुस्तक हातात दिलं, तरी जबाबदारी संपत नाही. भातखंड्यांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक आणि स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र. पलुसकरांच्या लिपीत डोक्यावरचं टिंब म्हणजे मंद्र; तार सप्तकाला तिथे उभी रेघ. एकच टिंब, एकाच जागी, अर्थ नेमका उलटा. भातखंड्यांकडे समेला फुली आणि खालीला शून्य, पलुसकरांकडे सम एकच्या आकड्याने आणि खाली अधिकच्या चिन्हाने. एका पद्धतीत वाढलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या पद्धतीचं पुस्तक काही न बोलता दिलं, तर तो गळा ताणून तार षड्ज लावत बसतो तिथे रचनाकाराला खर्ज हवा असतो. लिपीचा खुलासा पुस्तकात सुरुवातीच्या पानांवर असतो. जुन्या, बांधणी उसवलेल्या प्रतींतून नेमकी तीच पानं गळालेली असतात. त्यांची एक छायाप्रत करून पुठ्ठ्याच्या आत डकवून ठेवणं हे दहा मिनिटांचं काम. कुठेच झालेलं नसतं.

रागांच्या नावांतही एम्परर आहेतच. कुणी तोडीची रेकॉर्ड मागितली आणि कपाटात कर्नाटक संगीताचाही संग्रह असला तर थांबावं. कर्नाटकातली तोडी, म्हणजे हनुमतोडी, स्वरांनी आपल्या भैरवीच्या जवळची. आपल्या तोडीचे स्वर तिकडे शुभपंतुवराळीत. आपला मालकंस तिकडे हिंदोळम, आणि हिंदोळम नाव ऐकून आपला हिंडोल काढून दिला तर तो निराळाच राग. आपला भूप तिकडचा मोहनम. वेष्टनावर राग छापलेला आहे म्हणून तो वाचकाला हवा असलेलाच राग आहे असं नाही, आणि जुन्या तबकड्यांवर तर कधी रागाच्या जागी नुसतं "खयाल" एवढंच असतं.

तबकड्या मात्र एका बाबतीत उदार आहेत. चकतीवरचा कागद झिजला, नाव गेलं, तरी मधल्या गुळगुळीत पट्टीत दाबलेला किंवा कोरलेला क्रमांक तिरप्या उजेडात वाचता येतो, आणि त्यावरून कंपनीच्या याद्यांत शोध घेता येतो. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं त्या काळात गायक शेवटी स्वतःचं नाव मोठ्याने सांगत. दहा इंची तबकडीत तीनेक मिनिटं मावत. त्यातलेही काही क्षण नावासाठी राखलेले. ती उद्घोषणा हौस म्हणून नव्हती. ती ध्वनीतच छापलेली नोंद होती. कागद नष्ट झाला तरी ती टिकते. तालिका करणाऱ्याने तबकडी शेवटपर्यंत ऐकावी ती यासाठी.

छापील संगीताला असा आवाज नसतो. जुन्या स्वरपुस्तकांवर प्रकाशक साल छापत नसत, माल शिळा दिसू नये म्हणून. पण प्रत्येक पानाच्या तळाशी मध्यभागी एक बारीक आकडा असतो, तो प्लेट क्रमांक, म्हणजे छपाईसाठी कोरलेल्या पत्र्याचा क्रमांक. प्रकाशकांच्या क्रमांकांचे तक्ते तयार झालेत, त्यावरून साल काढता येतं. फक्त एवढंच लक्षात ठेवायचं की पुनर्मुद्रणातही तीच प्लेट वापरली जाते, म्हणून मिळतं ते हे संगीत प्रथम कोरल्याचं साल. हातातली प्रत त्यानंतर केव्हाचीही असू शकते. वाचकाला साल सांगताना "याच्या आधीचं नाही" एवढंच म्हणावं.

झेरॉक्सचा विषय निघाला की सगळ्यांचे चेहरे पडतात. संगीतकार मरून दोनशे वर्षं झाली तरी समोरची आवृत्ती गेल्या काही वर्षांतल्या संपादकाची असेल, तर त्या आवृत्तीवर हक्क असू शकतो. जुन्या छापांची भांडारं इंटरनेटवर खुली आहेत, त्यातलं सगळ्यांत मोठं २००६ पासून चालू आहे. पण हक्काची मुदत देशागणिक वेगळी, मृत्यूनंतर कुठे ६० वर्षं, कुठे ७०, हे बघून घ्यायला हवं. आणि विसाव्या शतकातल्या कित्येक वाद्यवृंद कृतींचे पार्ट विकतच मिळत नाहीत, प्रकाशक ते भाड्याने देतो. अशा वेळी वाचकाला तीन दिवस ताटकळत ठेवू नये. भाड्याचं आहे, प्रकाशकाला लिहा, असं तिथल्या तिथे सांगावं. लवकर मिळालेला नकार ही सुद्धा सेवाच.

हायडनच्या बाबतीत यातली एकही अडचण नव्हती. प्रश्न एकच विचारायचा राहिला होता, आणि तो संगीताचा नव्हताच. "किती जण आहात?" मुलाने चार म्हटलं असतं, माणूस खिशातल्या स्कोअरच्या मांडणीकडे वळलाच नसता, मागच्या उंच कपाटापाशी गेला असता. पार्ट आकाराने मोठे, स्कोअरच्या फळीवर मावत नाहीत, म्हणून ते निराळे ठेवलेले. ज्याला दोन एम्परर ठाऊक होते त्याला हे कपाट ठाऊक नव्हतं थोडंच! पण कठीण प्रश्न सुटल्याच्या आनंदात माणूस सोपा प्रश्न विसरतो. अडाण्याने कदाचित "काय करायचंय त्याचं?" असं विचारलं असतं.

पुस्तक परत आलं त्या सकाळी उंच कपाटातलं पाकीट काढून पाहिलं गेलं. ओपस ७६, तिसरं. वर मोठ्या अक्षरात: ४ पार्ट. मोजले. पहिलं व्हायोलिन. दुसरं व्हायोलिन. व्हियोला. पाकीट उलटं करून झटकलं. चेलो नव्हता. म्हणजे आदल्या संध्याकाळी योग्य तो प्रश्न विचारला असता, योग्य ते पाकीट दिलं असतं, तरी ती पाठीवर पेटी घेतलेली मुलगी पायरीवर रिकाम्या हातानेच उभी राहिली असती. वाचनालयात तिची ओळ होती ती फक्त त्या खिशातल्या पुस्तकात, सर्वांत खाली, मुंगीच्या अक्षरात.

चेलोचा पार्ट खुल्या भांडारातून उतरवला. जुन्या छापाचा. तो हातातल्या तिघांशी जुळतो का, तालखंडांचे आकडे आणि पुनरावृत्तीच्या खुणा त्याच जागी आहेत का, हे आधी तपासावं लागलं. दोन वेगळ्या छापांतले पार्ट एकत्र वाजवले की तालीम नेमकी तिथे अडते जिथे एक जण "एफ पासून" म्हणतो आणि दुसऱ्याच्या कागदावर एफ ही तालमीची खूणच नसते. जिथे खुणा नव्हत्या तिथे पेन्सिलीने घातल्या. जाड कागदावर छापला, घडीवर दोऱ्याने शिवला, शिक्का मारला. पाकिटातल्या इतर तिघांपेक्षा तो जरा जास्त पांढरा दिसतो. पाकिटावरची तारीखचिठ्ठी अजून कोरीच आहे.